मनगटाचं दुखणं दुसऱ्या हातात गेलं. सीआरपीएस खरंच अंगभर पसरतो का?

सुरंगी

नमस्कार मंडळी. इथे डॉक्टर, फिजिओ आणि वर्षानुवर्षं दुखणं काढणारे असे सगळेच आहेत, म्हणून विचारते.

आई, वय 58, गुहागर तालुक्यात गावच्या घरी असते. गेल्या पावसाळ्यात शेवाळलेल्या पाखाडीवरून घसरली आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर झालं, हाड जुळलं, एक्स-रे छान आला. पण प्लास्टर काढल्यावर हात सुजलेलाच. कातडी चकचकीत, कधी लालजांभळी तर कधी थंडगार, आणि नुसता पदर लागला तरी आग. पहिल्या डॉक्टरांनी "तुम्ही व्यायाम करत नाही" म्हणून तिलाच झापलं. शेवटी कोल्हापूरला एका वेदनातज्ज्ञांनी कॉम्प्लेक्स रिजनल पेन सिंड्रोम, म्हणजे सीआरपीएस, असं निदान केलं. औषधं आणि फिजिओ चालू आहे, थोडा उतारही आहे.

प्रश्न पुढचा आहे. दिवाळीपासून उजवा खांदा वर जात नाही, आणि आता डावा हातही दुखायला लागलाय, खांद्यापासून कोपराखालपर्यंत. शेजारच्या काकींनी सांगून ठेवलंय की हा वात आहे, हळूहळू अंगभर फिरणार. नेटवर बघितलं तर तिथेही तेच, फक्त इंग्रजीत. आईनं धसका घेतलाय. डावा हात "जपायचा" म्हणून आता तोही हलवत नाही.

हे दुखणं खरोखर पसरतं का? पसरत असेल तर थांबवता येतं का?

चाकरमानी

वाचतोय. माझ्या मावशीला असंच काहीसं होतं, पण तेव्हा कोणी नाव सांगितलं नव्हतं. "हात धरला" एवढंच म्हणायचे.

जुना_माड

2006 साली आमच्या वाडीत चिकुनगुनिया आला होता तेव्हा घराघरात लोक वाकून चालत होते. आज घोटा, उद्या मनगट, परवा बोटं. माझे सांधे त्यानंतर कित्येक महिने धरलेले होते. तेव्हाही सगळे म्हणत होते की दुखणं फिरतंय. नंतर आमच्या डॉक्टरांनी समजावलं की विषाणू एकाच वेळी अनेक सांधे धरतो, आपलं लक्ष मात्र त्या दिवशी जो जास्त ठणकतो त्याच्याकडे जातं. तुमच्या आईचं वेगळं दिसतंय, पण "फिरतं" म्हटलेलं प्रत्येक दुखणं फिरतंच असं नाही, एवढ्यासाठी लिहिलं.

हातखंबा_तिठा

मी फिजिओथेरपिस्ट आहे, रत्नागिरीत. हाताचे पेशंट जास्त बघते.

सुरंगी, सगळ्यात आधी एक काम करा. 58 वर्षांच्या बाईचा डावा हात खांद्यापासून खाली दुखतोय, तर तो सीआरपीएसच्या खात्यावर टाकण्याआधी ईसीजी काढा. चालताना, चढ चढताना वाढतो का, सोबत घाम, धाप, मळमळ असं काही होतं का, हे विचारा. असं काही असेल तर धागा वाचत बसू नका, आजच दवाखाना गाठा. बायकांमध्ये हृदयविकाराची लक्षणं पुष्कळदा छातीत कळ येण्यापेक्षा वेगळी असतात, आणि "आधीच दुखण्याची पेशंट आहे" म्हटलं की ती बाजूला पडतात.

ते निस्तरलं की मग बाकीचं. उजव्या खांद्याचं मला फारसं नवल वाटत नाही. मनगट मोडल्यावर बायका आख्खा हात पोटाशी धरून ठेवतात, आणि खांदा आखडतो. हात आणि खांदा असे दोन्ही धरतात हे इतकं नेहमीचं आहे की या आजाराला पूर्वी शोल्डर-हँड सिंड्रोम असंही म्हणत. साखर तपासलीत का? मधुमेहात खांदा आखडण्याचं प्रमाण बरंच जास्त असतं.

आता डावा हात. सध्या घरातली कामं कोणत्या हाताने होतात? आडाळीवर (विळीवर) खोवणं, मासे कापणं, कळशी उचलणं, कपडे पिळणं. उजवा रजेवर गेल्यापासून हे सगळं डाव्यावर आलं असणार. ज्या हाताला जन्मात सवय नाही त्याच्यावर दुप्पट काम पडलं की कोपराच्या शिरा, मनगटाच्या शिरा (म्हणजे स्नायूंना हाडाशी जोडणारे दोर) धरतात. त्याला पसरणं म्हणत नाहीत.

स्पष्टवक्ता

कोणाला राग येईल, पण बोलतो. यातलं निम्मं दुखणं मनाचं असतं. आमच्या आज्या लावणीत दिवसभर ओणव्याने भात लावायच्या, संध्याकाळी पुन्हा चूल. त्यांना कुठे होता सीआरपीएस? लक्ष दिलं की दुखणं वाढतं. तिला कामाला लावा.

अबोली

स्पष्टवक्ता, आमच्या आजीला काय होत होतं ते तिला कोणी विचारलं होतं का? माझी आजी रात्री पायाला फडकं आवळून बांधून झोपायची. आम्हाला वाटायचं सवय आहे.

मला फायब्रोमायल्जिया, म्हणजे अंगभर दुखण्याचा आजार आहे, कुडाळला असते. माझं मानेपासून सुरू झालं. मग खांदे, मग पाठ, मग मांड्या. तेव्हा मलाही वाटलं की आतून काहीतरी सडत चाललंय आणि ते सरकतंय. रक्ताचे अहवाल सगळे चांगले, एक्स-रे चांगला, आणि त्यामुळे घरच्यांचा विश्वास गेलेला तो वेगळाच. गोव्याला बांबोळीला दाखवलं तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी पहिल्यांदा सांगितलं की यात सांधे झिजत नाहीत, स्नायू नासत नाहीत, दुखणं मात्र खरं आहे. मला ते वाक्य गोळ्यांपेक्षा उपयोगी पडलं. पसरलं का? हो, पसरलं. गेल्या काही वर्षांत आणखी पसरलं का? नाही. वर-खाली होतं. पावसाळा सुरू होताना आणि झोप मोडली की वर, बाकी वेळ बेताचं.

काकाश्री

निरगुडीचा पाला वाफवून शेक द्या आणि वरून तेल कोमट करून रगडून चोळा. सात दिवसांत वात जागेवर येतो.

हातखंबा_तिठा

काकाश्री, निरगुडीच्या शेकाबद्दल मी भांडणार नाही, आखडलेल्या खांद्याला सोसवेल इतका कोमट शेक बरा वाटतो. पण त्या उजव्या हाताला रगडून चोळणं कृपा करून नको. ज्या हाताला पदर सोसत नाही तो रगडला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट सुजून येतो, आणि मग बाई फिजिओलाही हात लावू देत नाही. अगदी थंड बर्फसुद्धा या आजारात टाळतात.

प्रशासक

"वेदनामुक्ती तेल, घरपोच" हा प्रतिसाद काढून टाकला आहे. औषधांची नावं चालतील, डोस लिहू नयेत.

बांगडाफ्राय

ह्या दुखण्याचो माका अनुभव आसा म्हणान लिवतंय. पुढचं प्रमाण मराठीत लिहितो, नाहीतर अर्ध्या लोकांना कळायचं नाही.

मी ट्रॉलरवर होतो, मालवणात. दोर आणि विंचच्या मध्ये डावा हात चेमटला. हाडं बसवली, जखम भरली, पण हात भाजल्यासारखा पेटलेला राहिला. बोटांची नखं वेडीवाकडी वाढत होती, हाताला एकट्यालाच घाम सुटायचा. निदान व्हायला उशीर झाला तो झालाच.

काही वर्षांनी जेटीवर उजवा पाय मुरगळला. साधा मुरगळला, फ्रॅक्चर नाही. आणि दोन-तीन आठवड्यांत पायाला तेच सगळं सुरू. रंग बदलणं, सूज, आग. म्हणजे डावा हात आणि उजवा पाय. तेव्हा माझी बायको म्हणाली की आता हे सगळीकडे जाणार, आणि मीही तसंच धरून चाललो होतो. पण यावेळी पहिल्या आठवड्यापासून पाय जमिनीला टेकवून चालायला लावलं, रोज फिजिओ, आणि पाय सावरला. पूर्ण नाही, पण बूट घालता येतो. हात अजून आहे तसाच आहे. त्यानंतर दुसरीकडे कुठे गेलं नाही.

आता बोटीवर जात नाही, लिलावाचा हिशेब बघतो. सुरंगीताई, सांगायचं एवढंच की माझ्यासारख्याच्या बाबतीत ते दुसरीकडे गेलं हे खोटं नाही. पण आपणहून सरकत गेलं नाही, नव्या दुखापतीवर बसलं.

सुरंगी

सगळ्यांचे आभार. ईसीजी उद्याच चिपळूणला काढतोय. साखर दोन वर्षांत तपासलेली नाही, तीही बघतो. बांगडाफ्राय, तुमचं वाचून आधी पोटात गोळा आला आणि मग जरा बरं वाटलं.

एक शंका. एका जुन्या पुस्तकात तीन टप्पे दिले आहेत. पहिल्यात सूज आणि उष्णता, दुसऱ्यात कातडी-नखं बदलतात, तिसऱ्यात हात वाळतो. आई दुसऱ्यात आहे म्हणजे तिसरा येणारच का?

भूलवाला

भूलतज्ज्ञ आहे, गेली काही वर्षं वेदनेचा दवाखाना चालवतो. उशिरा आलो, पण थोडं सविस्तर लिहितो.

आधी ते तीन टप्पे. वर्षानुवर्षं पाठ्यपुस्तकात होते, मीही तेच शिकलो. 2002 मध्ये रुग्णांच्या लक्षणांची गटवारी करून पाहिली तेव्हा टप्प्यांचा तो क्रम सिद्ध झाला नाही. काहींचा हात पहिल्यापासून थंड असतो, काहींची सूज वर्षभर राहते, पुष्कळांचं पहिल्या वर्षातच बरंच सुधारतं. तिसरा टप्पा पुढच्या स्टेशनावर गाडीची वाट बघत उभा नाही, हे आईंना सांगा.

आजार जुनाच आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धात बंदुकीच्या गोळीने नस दुखावलेल्या सैनिकांचं वर्णन वायर मिचेल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1864 मध्ये केलं. ते सैनिक जळणारा हात ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवत. 1900 मध्ये हँबर्गच्या सुडेक यांनी हाड विरळ होण्याचं वर्णन केलं. पुढे बराच काळ रिफ्लेक्स सिम्पथेटिक डिस्ट्रॉफी हे नाव चाललं आणि 1994 मध्ये सीआरपीएस आलं. तेव्हा जुन्या फाइलीत यातलं कुठलंही नाव दिसलं तर आजार वेगळा समजू नका. तेव्हा स्पष्टवक्ता, आज्यांच्या काळातही हा होता, कागदावर नव्हता. शिवाय नख, घाम, रंग आणि हाडाची घनता मनाने बदलत नाही. काळजीने आणि जागरणाने वेदना वाढते हे मात्र खरं. त्यावर उपचार केला म्हणून कोणी दुखणं खोटं ठरवलं असं होत नाही.

आता पसरण्याबद्दल. 2000 साली मालेकी आणि सहकाऱ्यांनी 27 रुग्णांचा अभ्यास छापला. त्यात तीन तऱ्हा दिसल्या. लागून लागून वर चढणं, मनगटातून कोपरात, खांद्यात, ही सगळ्या 27 जणांत होती. दूरच्या, न जोडलेल्या जागी उगवणं 19 जणांत. आणि आरशातल्यासारखं समोरच्या हातात त्याच जागी येणं 4 जणांत. हे आकडे नेटवर फार फिरतात आणि लोक घाबरतात. पण हे 27 जण पसरलं होतं म्हणूनच निवडलेले होते. यावरून शंभरात किती जणांना पसरतं ते काढता येत नाही. 2011 मध्ये नेदरलँड्समधल्या 185 रुग्णांचा अभ्यास आला. तिथे पसरलेल्यांत सर्वांत जास्त वेळा समोरचा हात किंवा समोरचा पाय होता, त्याहून कमी वेळा त्याच बाजूचा दुसरा अवयव, आणि तिरकं, म्हणजे डावा हात आणि उजवा पाय, सर्वांत कमी. बांगडाफ्राय, तुम्ही त्या शेवटच्या गटातले. हे रुग्णसुद्धा विशेष केंद्रांत पोचलेले, म्हणजे मुळात अवघड होते. तालुक्याच्या दवाखान्यात मनगट मोडून आलेल्या सगळ्या बायकांचं चित्र यात नाही.

कशामुळे होतं? दुखापतीच्या जागेवरच्या नसांच्या टोकातून काही रसायनं सुटतात, त्याने सूज आणि लाली येते. खरी गडबड पुढे, मज्जारज्जूत. तिथल्या पेशी इतक्या हळव्या होतात की साधा स्पर्शसुद्धा वेदना म्हणून वर पाठवतात. क्लिफर्ड वुल्फ यांनी 1983 मध्ये प्राण्यांवरच्या प्रयोगात हे दाखवलं. मज्जारज्जूत शेजारशेजारचे भाग आणि दोन्ही बाजू एकमेकांशी जोडलेल्या असतात. एका घरी चोरी झाली की त्या घरचा कुत्रा पोस्टमनवरही भुंकतो, आणि तो भुंकला की वाडीतले बाकीचे सुरू होतात, तसं थोडंसं. चोर दुसऱ्या घरात शिरलेला नसतो. दुसऱ्या हातात वेदना आली म्हणून त्या हातात काही मोडतंय असं समजू नये.

अबोली यांच्या फायब्रोमध्येही मज्जारज्जू-मेंदूचा हळवेपणा हाच मोठा भाग आहे, पण ते दुखणं वेगळं. एकाचं दुसऱ्यात रूपांतर होतंच असं नाही.

शेवटचं, आणि माझ्या मते हेच महत्त्वाचं. सीआरपीएसच्या निदानासाठी बुडापेस्ट निकष वापरतात. स्पर्शाचा हळवेपणा, रंग-तापमान, सूज-घाम, आणि हालचाल-केस-नखं, असे चार गट. रुग्णाची तक्रार चारपैकी तीन गटांत आणि डॉक्टरांना प्रत्यक्ष दिसलेली खूण दोन गटांत हवी. आणि या सगळ्याचं दुसरं चांगलं स्पष्टीकरण नसावं. डाव्या हातालाही हेच निकष लावा. डाव्याचा रंग बदलतोय? सूज आहे? स्पर्शाने आग होते? नसेल तर तो दुखरा हात आहे, सीआरपीएस नाही. कार्पल टनेल (मनगटात नस दबणं), मानेची नस, थायरॉइड, बी-12, काही जणांत कोलेस्टेरॉलची गोळी, हे सगळं आधी चाळून बघायचं. मी असे रुग्ण पाहिलेत की "पसरलंय" म्हणून दीड वर्ष घरी बसले आणि शेवटी मानेची नस दबलेली निघाली.

चाकरमानी

बापरे, काय प्रतिसाद आहे. वाचनखूण साठवली.

स्पष्टवक्ता

मुद्दा मान्य, शब्द कडक गेले. पण कामाला लावण्याबद्दल मी चूक म्हणालो का? डॉक्टरसुद्धा हालचालच सांगतायत.

हातखंबा_तिठा

फरक आहे. "दुर्लक्ष कर आणि उचल" असं म्हटलं की माणूस चांगल्या दिवशी अंगण झाडून, कपडे धुऊन मोकळा होतो आणि पुढचे चार दिवस अंथरुणात. पुन्हा जरा बरं, पुन्हा तेच. आम्ही थोडं आणि रोज सांगतो, बरं असो वा नसो. दुखण्याच्या आधी थांबायचं, दुखल्यावर नाही.

आरशाचा उपचार कोणीतरी सुचवेलच, म्हणून आधीच लिहिते. व्ही. एस. रामचंद्रन यांनी हात कापलेल्या लोकांसाठी आरसा वापरला होता, पुढे 2003 मध्ये मॅककेब यांनी सीआरपीएसमध्ये वापरून बघितला. आजार ताजा असताना चांगला गुण आला, जुन्या रुग्णांत नाही. त्यात दुखरा हात आरशामागे ठेवून चांगल्या हाताचं प्रतिबिंब बघायचं असतं. डावाही दुखत असेल तर घाईने आरसा लावू नका. आधी फोटो बघून "हा उजवा की डावा" ओळखायचा सराव, मग हालचाल मनातल्या मनात, आणि आरसा शेवटी. मोबाइलवर घरच्यांच्याच हातांचे फोटो काढून हे करता येतं.

सुरंगी

ईसीजी आणि त्यानंतरची तपासणी ठीक आहे. साखर मात्र वाढलेली निघाली, त्याचं औषध सुरू केलं. डाव्या हाताला रंग-सूज काही नाही, कोपराच्या बाहेरच्या बाजूला दाबलं की कळ येते. डॉक्टर म्हणाले शिरेचं दुखणं दिसतंय, पण तीन महिने लक्ष ठेवू, आत्ताच शिक्का मारायला नको. उजव्याचं औषध आहे तसंच.

काकींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "डॉक्टर सांगत्यात तां खरां, पण वात तो वातच."

आईचा आता एकच हट्ट आहे. तिला आडाळीवर बसायचंय. नारळ खोवायला दुसऱ्या कोणाच्या हाती देणं तिला पसंत नाही. बसू द्यायचं का? आणि भाऊ विचारतोय की पुढे कधी ऑपरेशन करावं लागलं तर काय?

भूलवाला

ऑपरेशनचं: आधी झालेला सीआरपीएस सर्जनला आणि भूल देणाऱ्याला न विसरता सांगायचा. दुखऱ्या हातावरचं, टाळता येण्यासारखं ऑपरेशन आजार भडकलेला असताना करत नाहीत. करावंच लागलं तर भुलेची पद्धत, नंतरची वेदना आणि फिजिओ हे आधी ठरवून ठेवतात. त्या हाताला सलाईनची सुई टोचणंही शक्यतो टाळायचं. मोतीबिंदू, दात वगैरेसाठी घाबरून थांबायची गरज नाही.

बांगडाफ्राय

फाइलीवर पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. माझ्या पाकिटात चिठ्ठी असते.

हातखंबा_तिठा

आडाळीवर बसू द्या, पण खोवायला नको, अजून तरी. खोवताना वाटी धरून मनगट पिळावं लागतं आणि डाव्या कोपराची शीर नेमकी त्यानेच धरते. सुरुवातीला वाल सोलणं, लसूण सोलणं, दोन्ही हातांनी, पाच-दहा मिनिटं. उजव्याने नुसतं धरलं तरी चालेल. तांदूळ निवडायला ताट पुढे द्या आणि बोटं तांदळात फिरू द्या, स्पर्शाची सवय तशीच होते. ते सोसलं की मग जाडसर टॉवेल, मग काथ्या. खोबरं खोवायचंच असेल तर टेबलाला बसवायची, हँडल फिरवायची खोवणी मिळते, उभ्याने. हँडल एकदा उजव्याने आणि एकदा डाव्याने फिरवायचं, आणि अर्धी वाटी झाली की बंद. खांद्याचे व्यायाम सांगण्यासाठी मात्र मला किंवा तुमच्या फिजिओला हात बघावा लागेल, ते इथे लिहून होणार नाही.